आयटीआय फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस दोन सूर लागले आहेत. एक म्हणतो, पदवी घेऊन बेकार बसण्यापेक्षा आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) जाऊन हातात कसब आलेले बरे; दुसरा म्हणतो, गोरगरिबांच्या मुलांना कॉलेजपासून दूर ठेवण्याचा हा डाव आहे. दोन्हीकडची पत्रे वाचताना एक गोष्ट खटकली. पत्रलेखकाचा कल कोणत्या पक्षाकडे आहे, हे तिसऱ्या-चौथ्या ओळीतच उघड होते आणि एकदा ते कळले की पुढचे मुद्दे न वाचताही सांगता येतात. दहावीनंतर मुलाने काय करावे, या घरोघरीच्या प्रश्नावर माणसांनी झेंडे घेऊन उभे राहावे, याचे नवल वाटते. मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात, उमेदीची वर्षे घालवून फोरमन म्हणून निवृत्त झालो आणि सध्या आमच्या भागातील मराठी मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम पाहतो. तेवढ्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

हा वाद सध्या ज्या भाषेत चालला आहे ती बरीचशी अमेरिकेतून आलेली दिसते. तेथे त्याला पक्षीय आधार खरोखरच आहे. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी घेतलेल्या मतदारपाहण्यांनुसार पदवीधरांपैकी सुमारे 55 टक्क्यांनी कमला हॅरिस यांना मत दिले आणि पदवी नसलेल्यांपैकी जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना. चार-पाच दशकांपूर्वी चित्र बरेचसे उलटे होते. युनियनचा कारखाना-कामगार डेमोक्रॅट असे आणि कॉलेजात शिकलेला रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेला असे. बायडेन सरकारने 2022 मध्ये विद्यार्थ्यांच्या कर्जातील 10 हजार डॉलरपर्यंतची रक्कम, आणि गरीब विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्याच्या दुप्पट, माफ करण्याचे जाहीर केले, तेव्हा ‘जो प्लंबर कॉलेजात गेलाच नाही त्याने वकिलाच्या पदवीचे हप्ते का भरायचे’ असा सवाल विरोधकांनी केला, आणि जून 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द ठरवली. पुढे मे 2025 मध्ये ट्रम्प यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या अनुदानातील 3 अब्ज डॉलर काढून घेऊन ते देशभरातील धंदेशिक्षणाच्या शाळांना देण्याचा विचार बोलून दाखवला. आता हे ट्रम्प स्वतः पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलचे 1968 चे पदवीधर, आणि त्यांची तीन मुलेही त्याच विद्यापीठातून शिकलेली. कुणी वेल्डर झालेले ऐकिवात नाही. या एका बाबतीत अमेरिकेतील पुढारी आणि आपले पुढारी यांच्यात फारसे अंतर नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्याच देशात या भांडणाच्या पलीकडचे एक काम मात्र शांतपणे झाले. मेरीलँडच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी 2022 मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाच्या डेमोक्रॅट गव्हर्नरांनी 2023 च्या जानेवारीत आपापल्या राज्यातील हजारो सरकारी पदांची पदवीची अट काढून टाकली. काम येत असेल तर पदवी मागू नका, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो दोन्ही पक्षांना पटला. आपल्याकडे नेमके याच दिशेने काही होत नाही. शिपायाच्या जागेलासुद्धा पदव्युत्तर पदवीधरांचे अर्ज येतात आणि आपण त्याची गंमत म्हणून बातमी वाचतो.

भारतात पदवीवाले एका पक्षाकडे आणि बिनपदवीवाले दुसऱ्या पक्षाकडे, अशी सरळ फाळणी नाही, कारण पदवी सगळ्यांनाच हवी असते. येथील भांडण जुने आहे आणि त्याच्या मुळाशी जात आहे. मद्रास प्रांतात 1953 मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ दिवसाला तीन तासांवर आणून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. राजाजींचा हेतू शाळांतील गर्दी कमी करण्याचा होता, असे त्यांचे समर्थक म्हणत. पण चांभाराच्या मुलाने चांभारच व्हावे यासाठीचे हे ‘कुलशिक्षण’ आहे, असा आरोप पेरियार आणि द्रविड चळवळीने केला, पक्षातूनही विरोध झाला, 1954 मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि कामराज यांनी ती योजना गुंडाळली. सत्तर वर्षांनी हेच नाटक नव्या पात्रांसह झाले. केंद्राने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा 18 व्यवसायांतील कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, 5 टक्के व्याजाने 3 लाखांपर्यंत कर्ज देऊ केले, आणि तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. कुटुंबाचा परंपरागत व्यवसाय असण्याची अट काढा आणि किमान वय 18 वरून 35 करा, असे त्यांचे म्हणणे होते. मधल्या काळात, 2018 मध्ये, भजी विकून दिवसाला दोनशे रुपये कमावणारा बेरोजगार म्हणायचा का, यावर संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत जी खडाजंगी झाली ती वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वादात भजीवाल्याला कुणी काही विचारले नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून माझे मत असे झाले आहे की, कसबाचा उपदेश वाईट नसतो, उपदेश करणारा तो कुणाच्या मुलाला करतो आहे हे मात्र पाहावे लागते. आमच्या समितीच्या बैठकीतच हे दिसते. आयटीआयला जाणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी असा ठराव आला की सगळे माना डोलावतात, ‘हाताला काम मिळाले पाहिजे’ असे उत्साहाने बोलले जाते. तेच सभासद स्वतःच्या नातवासाठी मात्र साठ टक्के गुण असले तरी देणगी भरून खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय शोधत असतात. यात सत्ताधारी पक्षाचे आहेत, विरोधी पक्षाचेही आहेत. या एका मुद्द्यावर त्यांची एकजूट अभेद्य आहे.

बडोद्याच्या माणसाला हा वाद आणखी विचित्र वाटायला हवा, कारण आपल्या शहरात तो सव्वाशे वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी सुटलेला होता. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा सोपवली. रंगकाम, चित्रकला, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय तेथे इंग्रजीचा अडसर न ठेवता देशी भाषेतून शिकवले जात, आणि हातकामाच्या जोडीला त्यामागचे शास्त्रही असे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी येथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन यांनी 1907 मध्ये अलेंबिक कारखाना उभा केला, जो आजही आपल्या शहराच्या नकाशावर आहे. हेच कलाभवन 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाले. म्हणजे कारागिरांची शाळा वाढत वाढत विद्यापीठाचा भाग झाली. आज आपण आयटीआय आणि विद्यापीठ यांच्यामध्ये जी भिंत गृहीत धरून भांडतो, ती येथे मुळात नव्हती.

याच महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1913 मध्ये शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. कलाभवनाचा खर्च आणि ही शिष्यवृत्ती एकाच खजिन्यातून गेली. अस्पृश्य विद्यार्थ्याला ‘तू सुतारकाम शीक, तेवढे तुला पुरे’ असे त्यांनी सांगितले नाही. 1917 मध्ये त्याच आंबेडकरांना याच बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले, ही आपल्या शहराच्या तोंडावरची काळिमा आहे आणि ती कुठल्याही शिक्षणपद्धतीने पुसली जाणार नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्याला पदवीची ओढ असणे हे वेड नव्हे, हे आपण समजून घेतले पाहिजे. कसबाचे गोडवे गाणाऱ्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी सयाजीबागेतील संकल्पभूमीवर, जेथे बेघर झालेल्या आंबेडकरांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला, एकदा जाऊन यावे.

आता आपल्या मराठी मंडळींविषयी. आपले पूर्वज गायकवाडांच्या पदरी येथे आले ते शिलेदार म्हणून, कारकून म्हणून, फडणीस म्हणून. बहुतेकांच्या घरी तलवार लवकरच खुंटीवर गेली आणि लेखणी राहिली. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले, दरबारची नोकरी संपली, तरी ‘पांढरपेशा’ असण्याचा अभिमान संपला नाही. तो रेल्वेत गेला, विद्यापीठात गेला, रिफायनरीच्या हिशेब विभागात गेला. शेजारचा गुजराती मुलगा विशीत दुकानाच्या गल्ल्यावर बसला तर त्याच्या घरी कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि आपल्याकडे मुलगा लेथवर उभा राहतो हे सांगताना आईचा आवाज खाली येतो. वधुवर मेळाव्यांचे अर्ज मी पाहिले आहेत. ‘शिक्षण’ या रकान्यात नुसते ‘आयटीआय’ लिहिलेले क्वचितच आढळते; त्याच्या आधी किंवा नंतर बाहेरून केलेले बी.ए. जोडलेले असते. त्या बी.ए.चा उपयोग त्या अर्जापुरताच.

हातकामाला डोके लागत नाही, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. तिच्याविषयी कारखान्यातला एक अनुभव सांगतो. 100 मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट एच6 या ठरलेल्या श्रेणीच्या मापात उतरवायचा असेल तर ड्रॉइंगवर मापात 22 मायक्रॉनच्या फरकाची सूट असते, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जराशी जास्त. आमच्याकडे एक हुशार आयटीआय मुलगा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर होता. तो जॉब (घडवलेला शाफ्ट) उतरवल्याबरोबर मायक्रोमीटर लावी, माप बरोबर मध्यावर येई, आणि तपासणी विभागात तोच जॉब लहान भरून नापास होई. मुलाने इन्सर्ट (कापणारी पाती) बदलले, ऑफसेट (यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती) पाहिले, मायक्रोमीटरचा शून्य पाहिला. दोष कुठेच नव्हता. कापताना तापलेला शाफ्ट तपासणीच्या वातानुकूलित खोलीपेक्षा साधारण 15 अंशांनी गरम होता, आणि 100 मिलिमीटरचे पोलाद तेवढ्या फरकाने सुमारे 17 मायक्रॉन फुगते. त्या 22 मायक्रॉनमधला तीन-चतुर्थांश भाग त्या उष्णतेनेच खाल्ला होता. त्या वेळी शॉपवर एक अभियांत्रिकीचा पदवीधर ट्रेनी होता; प्रसरणाचे सूत्र त्याला पाठ होते, परीक्षेत त्याने ते सोडवलेही असणार, पण तापलेला जॉब त्याने कधी हातात घेतला नव्हता, त्यामुळे त्याच्याही ध्यानात आले नाही. कारण लक्षात आणून दिल्यावर ट्रेनीने गणित मांडले, तेव्हा त्या मुलाने ते एकदाच पाहिले आणि पुढच्या जॉबपासून थंड होऊ देऊन मोजू लागला. दोन वर्षांनी तो सी टू डी (सर्टिफिकेट टू डिप्लोमा) मार्गाने पदविकेला गेला.

या सी टू डी विषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सगळ्या वादात त्याचा कुणी उल्लेख केलेला नाही. दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसारखा, पूर्ण करून अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की डी टू डी (डिप्लोमा टू डिग्री) मार्गाने अभियांत्रिकीच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. कागदावर हा जिना पूर्ण आहे. अडचण अशी की पायऱ्या चढता चढता मुलाला इंग्रजीतून गणित शिकावे लागते आणि आयटीआयमध्ये गणित जेमतेम शिकवलेले असते, त्यामुळे पहिल्याच सहामाहीत अनेक जण मागे फिरतात. आपण खरोखर कसबाचे कैवारी असू तर आयटीआयच्या मुलांसाठी गणिताची आणि इंग्रजीची जोड देणारे वर्ग काढायला हवेत. आमच्या मंडळाने यंदा तसा प्रयत्न करायचे ठरवले आहे आणि शिष्यवृत्तीपेक्षा त्यावर खर्च करावा असा माझा आग्रह आहे. समितीत यावर अजून एकमत नाही.

पालक आयटीआय टाळतात ते केवळ प्रतिष्ठेपायी, असे म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांना पुढचेही दिसत असते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. 2019 च्या दुरुस्तीने आयटीआय झालेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 7 हजार रुपये ठरले. कायदा चांगला आहे. व्यवहारात काही कारखाने या मुलांना वर्षभर कायम कामगाराच्या जागी उभे करतात, वर्ष संपले की प्रमाणपत्र देऊन निरोप देतात आणि दुसरी तुकडी घेतात. निरोप मिळालेला मुलगा मग कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर बारा तासांची शिफ्ट करतो. बडोद्याजवळच्या वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यात अशी किती मुले पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात, ते कुणीही जाऊन पाहावे. पाच वर्षांनीही पगार किमान वेतनाच्या आसपास राहत असेल, तर बापाने मुलाला बी.कॉम.ला घातले म्हणून त्याला मूर्ख ठरवता येत नाही.

अंकलेश्वरच्या एका हॉटेलात जुलै 2024 मध्ये जी चेंगराचेंगरी झाली, तिची आठवण येथे करून देतो. एका खासगी कंपनीने झगडियातील कामासाठी मोजक्याच जागांच्या मुलाखती ठेवल्या होत्या. हजाराहून अधिक तरुण आले आणि त्यांच्या भाराने दारापुढच्या उतरत्या रस्त्याचा कठडा कोसळला. चित्रफीत देशभर फिरली. विरोधकांनी गुजरात मॉडेलचे वाभाडे काढले, सत्ताधाऱ्यांनी कंपनीलाच दोष दिला आणि जागा अनुभवी लोकांसाठी होत्या असे सांगितले. त्या जागांत अभियांत्रिकी पदवीधरांसाठीची पदे होती, तशी आयटीआयवाल्या ऑपरेटर-फिटरसाठीचीही होती. म्हणजे त्या कठड्याला दोन्ही प्रकारची मुले टेकली होती. पदवी निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी आणि कसब निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी त्या गर्दीतून आपापल्या सोयीची मुले निवडून घेतली, एवढेच.

मग उपयोगाचे काय, असे मला कुणी विचारले तर मी गोलमोल बोलणार नाही. पन्नास-साठ टक्के गुण मिळालेल्या, हाताने काही करण्याची आवड असलेल्या आणि घरी पैशांची ओढाताण असलेल्या मुलाने आजच्या बडोद्यात नावापुरत्या पदवीपेक्षा दोन वर्षांचा चांगला ट्रेड करावा आणि लगोलग सी टू डीचा अर्ज भरावा. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या शहरात सी-295 लष्करी विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. त्याआधी महाराष्ट्रात ‘आमच्या तोंडचा घास गुजरातने पळवला’ म्हणून केवढी राळ उडाली होती. अशा कारखान्यात आरेखन करणारे इंजिनीअर लागतात आणि पत्रा बिनचूक जोडणारे हातही लागतात. मात्र ज्या मुलीला वा मुलाला अभ्यासाची गोडी आहे आणि केवळ पैसा किंवा जात आड येते आहे, त्याला ‘कसब शीक’ म्हणून वाटेला लावणे हा अन्याय आहे. तेथे शिष्यवृत्ती द्यावी, वसतिगृह द्यावे, आणि ते काम सरकारचे आहे. उमेदवार मते मागायला येतील तेव्हा त्यांना कॉलेज बरे की धंदा बरा हे विचारण्यात अर्थ नाही. शहरातील गोरवा आणि तरसाली येथील आयटीआयमध्ये निदेशकांच्या (शिकवणाऱ्यांच्या) किती जागा रिकाम्या आहेत, यंत्रे कोणत्या सालची आहेत आणि तेथून किती मुले पदविकेला गेली, हे विचारावे.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. बोर्डाचे निकाल लागले की पहिल्या पानावर पेढा भरवणाऱ्या गुणवंतांची छायाचित्रे येतात, प्रवेशाच्या काळात खासगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती येतात. त्याच आठवड्यांत आयटीआयच्या ट्रेडनिहाय जागा, मागील वर्षी त्या कितपत भरल्या, शिकाऊ उमेदवारी कोठे मिळते, विद्यावेतन किती आणि सी टू डी प्रवेशाच्या तारखा कोणत्या, ही माहिती आपण मराठीतून छापावी. येथील मराठी पालकांना ती गुजराती पत्रकांतून आणि इंग्रजी संकेतस्थळांवरून गोळा करावी लागते आणि तोवर मुदत टळून जाते. तारखांचे परिपत्रक आमच्या समितीकडे येते. आपण जागा देणार असाल तर दर वर्षी त्याचे भाषांतर करून वेळेत पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन
दांडिया बाजार, बडोदा